सेलमचे वाचक

१

शनिवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी ‘कृष्णाकाठ ब्लॉगकट्टा’ या ग्रुपवर एका तक्त्याचा फोटो पडला. खाली एकच ओळ होती : ‘पहिला नंबर विकत घेतलेला आहे. हे घ्या पुरावे.’

फोटो टाकणारा यशराज जाधव साताऱ्याचा. त्याचा ब्लॉग गडकोटांचा, आणि स्पर्धेत त्याचा नंबर दुसरा. आरोप होता जोतीराम साळुंखे यांच्यावर. ते विट्याजवळच्या शिरजवडीचे, वय एकसष्ट, नंबर पहिला. दुसऱ्या नंबरच्या माणसाला पहिल्याच्या चारित्र्याची काळजी असतेच. पण तक्ता खरा होता. जोतीरामआण्णांच्या ब्लॉगला सात महिन्यांत दीड लाख भेटी, आणि त्या कुठून? सेलम, कोइमतूर, विजयवाडा, सिलीगुडी, गुवाहाटी.

‘सिलीगुडीत मराठी कोण वाचतंय रे?’ एकानं विचारलं. ‘भूत!’ दुसऱ्यानं उत्तर दिलं. नऊ वाजेपर्यंत अठ्ठेचाळीस मेसेज झाले. त्यातले एकवीस हसण्याचे, सतरा संतापाचे, आणि एक चुकून पडलेला ‘छान, अजून येऊ द्या’.

तो चुकून का पडला, ते सांगायला हवं. कट्टा म्हणजे सातारा-सांगलीतले सव्वीस ब्लॉग लिहिणारे लोक. आधी ते महिन्यातून एकदा भेटायचे, एकमेकांचं वाचायचे, चहावर भांडायचे. मग बक्षीस आलं. वर्षात ज्याच्या ब्लॉगला भेटी जास्त, त्याला एक्कावन्न हजार. मग हजेरी आली : रोज सकाळी सात ते आठ सगळ्यांनी सगळ्यांचे ब्लॉग उघडायचे आणि खाली काहीतरी लिहायचं. सव्वीस ब्लॉग, एक तास, म्हणजे ब्लॉगमागे दोन मिनिटं अठरा सेकंद, त्यातच लिहिणंही आलं. वाचायला त्यात जागा नव्हती. मागच्या वर्षी एका सभासदानं वडील वारल्याचं लिहिलं, तर खाली चौदा जणांनी ‘छान, अजून येऊ द्या’ लिहिलं होतं.

संध्याकाळी सहाला सांगलीत विश्रामबागच्या हॉलमध्ये बक्षीस समारंभ होता. त्याच मंचावर एका मसाला कंपनीशी वर्षाचा जाहिरातीचा करारही होणार होता, बारा लाखांचा. म्हणजे निकाल सहाच्या आत लागायला हवा होता.

कट्ट्याच्या चिटणिसाचं नाव अतिशय शेटे. हळदीच्या अडतीतल्या घरचा, तिशीतला, बोलायला गोड. त्यानं दहा वाजता राजमती मगदूम यांच्या दारावरची बेल वाजवली.

“मावशी, एवढं तपासून द्या. तुमची सही असली की कुणी बोलणार नाही.”

राजमतीबाई सहकार खात्यात लेखापरीक्षक होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी पतसंस्था आणि दूधसंस्थांची दप्तरं तपासली, आणि दोन चेअरमननी त्यांना बघून रजा टाकली होती. त्या स्वतः ब्लॉग लिहीत नसत, फक्त वाचत. कट्ट्याशी संबंध असलेली अशी माणसं फार थोडी उरली होती.

“सगळे तक्ते लागतील,” त्या म्हणाल्या. “वर्षाचे. तारीखवार, गाववार.”

“एवढे कशाला मावशी? बेरीज देतो की.”

“बेरीज तुझी तू ठेव. आणि हे बघ, मी दिवस बुडायच्या आत जेवते. मला उशीर करू नकोस.”

अतिशय हसला. पण तक्ते त्यानं लगेच दिले नाहीत. अकराला देतो म्हणाला, आणि दिले सव्वाबाराला.

२

हॉलच्या मागच्या खोलीत राजमतीबाईंनी टेबल मांडलं. पहिला यशराज आला. बुलेटवरून, खांद्याला कॅमेरा, हातात कंदी पेढ्यांचा पुडा.

“पेढे ठेव तिकडं,” बाई म्हणाल्या. “तपासाच्या आधी मी घेत नाही, नंतर कुणी देत नाही. हा फोटो कुठं काढलास?”

“अतिशयच्या ऑफिसात, काल. तो फोनवर बोलत बाहेर गेला होता, लॅपटॉप उघडा होता. मी नुसता बघितला.”

“नुसता बघितलास आणि नुसता फोटो काढलास. याआधी गावांची यादी कधी बघितली होतीस?”

“नाही ओ. तो कुणालाच दाखवत नाही. आम्हाला फक्त आकडा. सगळ्यांच्या ब्लॉगला मोजणी त्यानंच बसवलीय, किल्ली त्याच्याकडं.”

“आणि तुझे आकडे खरे?”

यशराज ताठ बसला. “मी घाम गाळतो मॅडम.”

“गाळतोस खरा. अजिंक्यताऱ्यावर एकदा चढलास आणि बारा लेख काढलेस. ‘या दरवाजाखाली काय सापडलं ते वाचून हादराल’. मी वाचलं बाबा. पायरी सापडली होती.”

यशराजचे कान लाल झाले. पण उठताना तो म्हणाला, “माझं जाऊ दे. त्यांचं बघा. दसऱ्यापर्यंत म्हातारा सातवा होता. एका आठवड्यात पहिला कसा आला?”

राजमतीबाईंनी तक्ता उलटला. यशराज खरं बोलत होता. दसऱ्याच्या आठवड्याआधी जोतीरामांच्या ब्लॉगला दिवसाला साधारण तीनशे भेटी, त्यानंतर सातशेचाळीस. आणि मग सात महिने त्यात फारसा चढ नाही, उतार नाही.

पेन्सिलीनं त्यांनी त्या आठवड्याभोवती एक गोल काढला.

३

दीपाली उपाध्ये सांगलीचीच, तिसऱ्या नंबरची. तिचा ब्लॉग कांदालसणाशिवायच्या स्वयंपाकाचा. आली ती दारातूनच बोलत.

“काकू, मला काय विचारायचं ते विचारा, पण आधी सांगते, आण्णांनी केलं असेल असं मला वाटत नाही. आणि केलं नसेल तर पहिला नंबर कसा, तेही कळत नाही.”

“म्हणजे दोन्ही दरवाजे उघडे ठेवलेस.”

“तसं नाही ओ.” ती बसली. “खरं सांगू? आता कुणावरच विश्वास बसत नाही. एखाद्याचा आकडा वाढला की पहिलं मनात येतं, यानं काय केलं असेल? आधी यायचं, यानं काय लिहिलं असेल?”

“तू आधी चांगलं लिहायचीस. चातुर्मासात तुझी आजी काय काय वर्ज्य करायची, ते लिहिलेलंस. मी दोनदा वाचलं.”

“त्याला बेचाळीस भेटी होत्या. मग अतिशय म्हणाला, मथळा बदल. ‘डाळ शिजवताना तुम्ही करता त्या पाच चुका’ लिहिलं, नऊ हजार. चुका तीनच होत्या, दोन मी घातल्या.”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते कागदात लपवलं. “अतिशय सगळ्यांच्या आकड्यांत एवढं लक्ष का घालतो?”

“कंपनीची अट होती ना. सगळ्यांची मिळून बेरीज पाच लाख झाली तरच करार. सुरुवातीला रोज रडायचा ग्रुपवर. बेरीज कमी पडतेय, हजेरी वाढवा, पाहुण्यांना सांगा, माहेरच्यांना सांगा. जीव नकोसा केला होता.”

“मग?”

“मग थांबला रडायचा. दिवाळीच्या आधीच.” दीपालीनं बोटांवर महिने मोजले. “काकू, आमचे कुणाचेच आकडे तर तेव्हा वाढले नव्हते.”

४

जोतीरामआण्णा दोनला आले. पांढरा शर्ट, टोपी हातात. गलाईत, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, त्यांनी सेलमला छत्तीस वर्षं काढली होती. तेजाबाच्या वाफेनं छाती गेली म्हणून गावी परतले. दुकान आता मुलगा वीरधवल बघत होता. आण्णा ब्लॉगवर त्या धंद्यातल्या गोष्टी लिहीत : कुणाचं मंगळसूत्र मोडायला आलं, कुणी पाटल्या परत नेल्या.

“बाईसाहेब, बक्षीस मला नगं,” ते उभ्यानंच म्हणाले. “पर नाव निर्मळ करून द्या.”

“बसा आधी.”

“बसतो की. सकाळी ह्या पोरांनी फोटो टाकला, आन धा वाजता तो सेलमला पोचला. आमच्या गलाईवाल्यांचं ग्रुप हायती, हिंदुस्थानभर. सेलमचा मोठा सराफ तीस वर्सं आमच्याकडं माल देतोय. पावती न्हाई, काय न्हाई. आज त्यानं वीरधवलला फोन केला. ‘तुझा बाप आकडा फुगवतो म्हणं. संध्याकाळपातूर खरं काय ते कळव, न्हाईतर माल दुसरीकडं देतो.’ एक सेठ गेला की धा जात्यात. पोराचं दुकान बसतंय बाईसाहेब.”

“ही गावं? सेलम, सिलीगुडी?”

“आमचीच मानसं. गुवाहाटीला माझा मेव्हणा हाय. विजयवाड्यात निम्मी शिरजवडी हाय. जिथं सोनं तिथं आमी.”

हे राजमतीबाईंना ठाऊक होतं. विट्याकडची माणसं देशभर गलाई करतात, हे सांगलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. खुलासा सरळ होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. सही केली की आण्णा सुटणार होते, समारंभ होणार होता, आणि त्यांचं जेवणही वेळेवर होणार होतं. एवढं सगळं एकदम जुळून आलं की त्यांना बनवलेल्या दप्तराचा वास यायचा.

“आण्णा, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? दीड लाख भेटी खऱ्या?”

आण्णांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“खरं सांगू? चैतात आमची जत्रा झाली. भैरोबाची, बारा वाड्यांची. तीन दिवस. हिंदुस्थानात कुटं बी असू दे, त्या तीन दिवसांत दुकानाला कुलूप लावून मानूस गावात. न्हाई आला तर पालखीला खांदा कोन देनार? वरसभर टोमणं खावं लागत्यात. तर सगळी आली. मला वाटलं, रोज सातशे मानसं वाचत्यात, आता मांडवात घेरत्याल मला. किती भेटली म्हायती? अकरा. मी म्हनलं, लाजत असत्याल.”

“त्या तीन दिवसांत गावाबाहेर दुकानात कोण राहतं?”

“कुनी न्हाई. कुलूप.”

राजमतीबाईंनी पेनाचं टोपण परत लावलं आणि चैत्राचा तक्ता ओढला. जत्रेचे तीन दिवस त्यांनी बोटानं शोधले. एकदा मोजलं. चष्मा पुसून परत मोजलं.

“अतिशयला बोलवा,” त्या म्हणाल्या. “आणि बाहेर जेवढे आहेत, त्या सगळ्यांना.”

५

खोलीत एकोणीस माणसं दाटली. खुर्च्या सहाच. अतिशय दाराजवळ उभा राहिला, हातात समारंभाची पुष्पगुच्छांची यादी.

“जत्रेच्या तीन दिवसांत,” राजमतीबाईंनी वाचलं, “सेलम, कोइमतूर, विजयवाडा, सिलीगुडी, गुवाहाटी, सगळे मिळून भेटी : चारशे तीस, चारशे एकतीस, चारशे तीस. कुलूप लावलेल्या दुकानांत बसून ही चारशे तीस माणसं रोज आण्णांचा ब्लॉग वाचत होती.”

“बघा! मी म्हणत होतो!” यशराज ओरडला.

“तू निम्मंच म्हणत होतास. भेटी खोट्या आहेत. पण त्या आण्णांनी आणल्या नाहीत. दूधसंस्थेत मी एकदा बेंदराच्या दिवशीची बैलगाडीची बिलं पकडली होती. त्या दिवशी बैल कुणी जुंपत नाही. बिल लिहिणारा गावचा नव्हता, म्हणून त्याला ते सुचलं नाही. शिरजवडीच्या माणसानं भेटी विकत घेतल्या असत्या, तर त्यानं पहिल्यांदा जत्रेचे तीन दिवस बंद ठेवल्या असत्या. सगळ्या जगाला आण्णा फसवतील, पण भैरोबाच्या पालखीची तारीख विसरणार नाहीत.”

आण्णांनी मान खाली घातली.

“मग मी?” यशराज म्हणाला. “मी आणल्या असं म्हणायचंय?”

“स्वतः दुसरा व्हायला? बदनाम करायला आणल्या असत्यास, तर एका आठवड्यात, परदेशातून, उठून दिसतील अशा आणल्या असत्यास. सात महिने थांबण्याएवढा तुला धीर नाही, गडावर तू पंधरा मिनिटं थांबत नाहीस. या भेटी दिसू नयेत म्हणून पेरलेल्या आहेत. जिथं आण्णांचे खरे वाचक आहेत, नेमक्या त्याच गावांत. आता सांगा, आण्णांचे खरे वाचक कुठल्या गावांत आहेत, ही यादी कुणाला दिसत होती?”

दीपालीनं हळूच दाराकडं बघितलं.

“अतिशय, कंपनीशी पहिलं बोलणं कधी झालं होतं?”

“दसऱ्याला.” त्यानं ते अजूनही थोडं अभिमानानं सांगितलं. मग त्याला आपण काय सांगितलं ते कळलं.

“बेरीज पाच लाखांना कमी पडत होती. नव्वद हजारांनी. कुठल्या तरी एका ब्लॉगात भर घालायला हवी होती. यशराजच्या घातली असती तर सेलमच्या भेटी बघून कुणीही हसलं असतं. दीपालीच्या घातली असती तरी तेच. आण्णांच्यात घातली तर विचारलं कुणी, तर उत्तर आधीच तयार : आमचीच माणसं. तुला पेठेतलं माहीत होतं, विट्याची माणसं देशभर असतात. ती घरी कधी येतात, ते तुला माहीत नव्हतं. तू फक्त जरा जास्त घातलीस आणि म्हातारा पहिला आला.”

अतिशयनं यादी घडी करून खिशात घातली. तो रागावला नाही, लाजलाही नाही. तो हिशेबाला बसला.

“बरं मावशी, मी केलं. पण कुणाचं नुकसान केलं? बारा लाखांचे सव्वीस वाटे, शेहेचाळीस हजार प्रत्येकी. त्यातला एक वाटाच माझा, जास्त नाही. आता ऐका सगळे. कंपनीचे साहेब सहाला येतायत. मावशी फक्त एवढंच म्हणतील, की त्या भेटी गलाईवाल्यांच्या आहेत. यशराज माफी मागेल. आण्णांचं नाव साफ, बक्षीस आण्णांना, सेलमचा सेठ खूश. बिघडलं काय?”



यशराजनं घसा साफ केला. “म्हणजे... तसं बघितलं तर, आण्णांचंच भलं आहे त्यात. मागतो मी माफी.”

“मीही तेच म्हणणार होते,” मागून कुणीतरी म्हणालं. तिसरा म्हणाला, आधीच सगळं ठरलंय, पत्रिका छापल्यात. चौथ्यानं नुसती मान हलवली. राजमतीबाईंनी माना मोजल्या. एकोणिसातल्या चौदा हलल्या. सकाळी त्यातल्या दहा सत्यासाठी पेटल्या होत्या.

“आण्णा, नाव तुमचं आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सांगाल ते.”

आण्णा उठले. “बाईसाहेब, खरे किती?”

“विचारायलाच हवं का?”

“सांगा की.”

“जत्रेत सगळे गावी होते. त्या तीन दिवसांत विट्याकडून वाचणारे तीनशे अकरा. तेवढेच तुमचे.”

आण्णांनी ओठ हलवून तो आकडा मनाशी एकदा म्हटला. दीड लाखांवरून तीनशे अकरावर उतरायला माणसाला किती वेळ लागतो, ते खोलीतल्या प्रत्येकानं बघितलं. नंतर कुणी ते लिहिलं नाही.

“अतिशय, बाळा,” ते म्हणाले, “तू चांगलं सांगितलंस. पर सेठ मला इचारणार, आकडा खरा हाय का. तीस वर्सं तो मला एकच इचारतोय, हेच्यात खरं किती निघालं. आन मी सांगितलेलं त्यानं कदी परत मोजलं न्हाई. त्याला मी आज काय सांगू? मला येत न्हाई रं तसं.”

ते खिडकीजवळ गेले आणि एका बोटानं फोनवरून आपल्या ब्लॉगवर लिहायला लागले. कुणीतरी म्हणालं, आण्णा, विचार करा. दुसरं म्हणालं, सव्वीस घरांचा प्रश्न आहे. आण्णा एकाच बोटानं लिहीत असल्यामुळं चार ओळींना अकरा मिनिटं लागली, आणि त्या अकरा मिनिटांत एकोणीस माणसांपैकी एकानंही त्यांच्या हातातून फोन घेतला नाही, एवढं मात्र कट्ट्याच्या खात्यावर जमेला धरायला हवं.

‘माझ्या ब्लॉगला दीड लाख भेटी दिसतात. त्या खोट्या आहेत. मी आणल्या नाहीत, पण माझ्या नावावर होत्या. माझे वाचक तीनशे अकरा, त्यांना रामराम.’

राजमतीबाईंनी खाली आपलं नाव आणि हुद्दा घालून एक ओळ जोडली : ‘तपासले, बरोबर आहे.’

कंपनीचे साहेब मिरजेपर्यंत आले होते. ते वाचून तिथूनच परत फिरले. हॉलचं भाडं भरलेलं होतं, म्हणून खुर्च्या तशाच राहिल्या. यशराज पेढे घेऊन गेला. अतिशय जाताना बाईंच्या पाया पडला. ती सवय होती की आणखी काही, ते बाईंना ओळखता आलं नाही.

दीपाली तेवढी मागं राहिली. “आण्णा, एवढ्या खाली आलात. वाईट नाही वाटत?”

“अगं, माज्या लग्नात बी तीनशे मानसं न्हवती.” मग त्यांनी सहज विचारलं, “तुजं किती असत्याल गं?”

दीपालीनं टेबलावरच्या तक्त्यांकडं बघितलं. राजमतीबाईंनी चष्मा वर केला. “काढू?”

“आत्ता नको काकू,” ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

आण्णांचा फोन वाजला तेव्हा उन्हं खिडकीतून खाली उतरली होती. वीरधवल होता. आण्णांनी फोन कानाला लावला, तरी त्याचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“आण्णा, सेठ दुकानात आल्यात. मी तुमचं लिवलेलं त्यास्नी तमिळमधी सांगितलं.”

“काय म्हनला?”

“काय बी न्हाई.”

“काय बी न्हाई?”

“न्हाई. मालाची पिशवी काट्यावर ठेवली आन चा मागवला.”

आण्णा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “मग बोलत काय बसलायस? भट्टी लाव.”